आण्णांची पहिली शोकसभा

ग्रंथपालाच्या नोकरीबद्दल लिहा म्हटलं की लोकांना पुस्तकांच्या गोष्टी हव्या असतात. माझ्याकडं त्या फारशा नाहीत. आमच्या गावात पुस्तकं नेणारे पुस्तकं नेत होते, आणून देत होते, काही आणून देत नव्हते. त्यात सांगण्यासारखं काय आहे? माझी खरी नोकरी सुरू व्हायची संध्याकाळी, वाचनालयाच्या अंगणात खुर्च्या मांडल्यावर. गावाच्या इतिहासावर दर महिन्याला एक कार्यक्रम, असा उद्योग मी नोकरी लागल्यावर लवकरच सुरू केला आणि निवृत्त होईपर्यंत चालवला. गाव संभाजीनगरहून फर्दापूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथंच राहायचं आहे.

बाहेरच्यांना वाटतं, वक्ता बोलवायचा, माईक लावायचा, झालं. अहो, तसं असतं तर काय हवं होतं! पहिली डोकेदुखी दिवस ठरवण्याची. मक्याची काढणी चालू असली की माणूस येत नाही, लग्नसराईत येत नाही, क्रिकेटचा मोठा सामना असला की येत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी येतो, पण पिशवीतली मेथी कोमेजायली म्हणून अर्ध्यातून उठतो. मग निमंत्रणपत्रिका. तिच्यावर वक्त्याचं नाव बारीक आणि ‘प्रमुख उपस्थिती’तली नावं ठळक, कारण वक्ता एका संध्याकाळचा, बाकीचे रोज रस्त्यात भेटणार. एक नाव राहिलं की तो माणूस येत नाही, त्याची भावकी येत नाही, आणि पुढचं वर्षभर ते लोक वाचनालयासमोरून जाताना मान वळवून जातात.

बोलणाऱ्याला थांबवणं ही तर वेगळीच कला. आमच्याकडं एक निवृत्त तलाठी होते, ते गावाचा इतिहास प्रभू रामचंद्रांच्या वनवासापासून सुरू करायचे. पाऊण तास झाला तरी सीतामाई नाशकातच. निजाम तर लांबच राहिला. मी त्यांना चिठ्ठी पाठवून पाहिली, ती ते माईकवर वाचून दाखवायचे. शेवटी मला उपाय सापडला. आत जाऊन चहाचे कप जरा जोरात मांडायचे. कपांचा आवाज आला की सभा आपोआप चुळबुळायला लागते आणि मोठ्यातला मोठा वक्ता ‘एवढं बोलून’ वर येतो.

एक नियम मात्र मी कडक ठेवला होता. जो काही सांगेल त्यानं ते कुणाकडून ऐकलं ते सांगायचं. नुसतं ‘पूर्वी असं होतं’ चालणार नाही. आणि ऐकणाऱ्याला मधेच उठून बोलायची मुभा. शहरातले वक्ते यानं चिडायचे. पण गावाला आपला इतिहास भांडून ऐकायची सवय आहे, आणि मला ती सवय आवडायची. दोन माणसांची मैत्री याच नियमानं तुटली. मी नियम बदलला नाही, पण वाईट फार वाटलं.

ती दोन माणसं म्हणजे नारायण आण्णा आणि लतीफ मास्तर. आण्णा पाटील घराण्यातले, शेतीवाले. कोणतं कुळ कुठून आलं, कोणत्या बांधावरून कुणाची डोकी फुटली, सगळं तोंडपाठ. आवाज असा की माईक बंद पडला तरी कुणाला कळायचं नाही. मास्तर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, बारीक चणीचे, इस्त्रीच्या कपड्यातले. निजामाच्या काळातले उर्दू-फारसी कागद वाचता येणारे गावात ते एकटेच. त्यांचे वडील शहरातून बदली होऊन इथं आले आणि इथंच राहिले. रोज सकाळी दोघं वाचनालयाच्या बाकावर. आण्णा मराठी पेपर वाचायचे, मास्तर उर्दू. एकच बातमी एकमेकांना वाचून दाखवायचे आणि दोन्हीकडं वेगवेगळी छापलीय म्हणून हसायचे. त्यांच्या हसण्यानं माझी अभ्यासिकेतली पोरं वैतागायची.

एका महिन्यात मी विषय ठेवला, गावाची बारव. बारव म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर, आत उतरून पाणी भरायचं. आमची मोठी आहे, तीन बाजूंनी पायऱ्या. आण्णांनी सांगायला सुरुवात केली की ही बारव त्यांच्या पणजोबांनी बांधली, आजोबांकडून त्यांनी स्वतः ऐकलं. मास्तर उठले. म्हणाले, हा रस्ता जुना, बुऱ्हाणपूरकडं जाणाऱ्या व्यापाऱ्यांचा. बारव त्या वाटेवरच्या कुण्या सौदागराच्या बायकोनं बांधवली, आणि पाटलांच्या पणजोबांच्या आधीपासून ती कागदात आहे.

“मग माझा आजा खोटं बोलला का?” आण्णा म्हणाले.

“खोटं नाय, पाटील. जरा जास्त बोलला. तुमच्या पणजोबांनी बारवेतला गाळ काढला. बस्स. गाळ!”

झालं. सभा फुटली हसून. दुसऱ्या दिवसापासून गावानं आण्णांच्या घराला ‘गाळपाटील’ करून टाकलं. आमच्या गावाला असं नाव ठेवायला वेळ लागत नाही आणि ते पुसायला पिढ्या जातात. आण्णांचा नातू शाळेतून रडत घरी आला, त्याला पोरं ‘ए गाळ’ म्हणायली होती. पण त्याच्याआधी, त्या सभेतच, हसू थांबल्यावर आण्णांनी मास्तरांकडं बघून सगळ्यांसमोर सांगितलं, “तुमाला काय माहीत बारवेचं? तुमी काल आलेले. तुमी गावातले न्हाईत.”

मास्तरांचा जन्म या गावातला. त्यांनी चष्मा पुसला, चपला घातल्या आणि गेले. त्या दिवसापासून बाक एकटा पडला. आण्णा सकाळी यायचे, मास्तर दुपारी. एक आपला पेपर वाचून जायचा, दुसरा नंतर येऊन आपला उलगडायचा, बोलणं बंद. वर्षांमागून वर्षं गेली. मी एका महिन्यात आण्णांना बोलवायची, दुसऱ्या महिन्यात मास्तरांना. एकाला आग्रह केला की तो विचारायचा, “तो यायलाय का?” हो म्हटलं की नाही म्हणून मान हलवायचा. मी दोघांनाही वाट्टेल तसं बोलले. “म्हातारे झालात, शरम वाटू द्या,” इथपर्यंत बोलले. दोघंही ऐकून घ्यायचे आणि चहा पिऊन जायचे.

मग आण्णांची तब्येत बिघडली. मुलगा संजय संभाजीनगरात नोकरीला, त्यानं त्यांना पुंडलिकनगरच्या फ्लॅटवर नेलं. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. मधून मधून दवाखान्यात ठेवावं लागायचं. मास्तर मला दुपारी पेपर चाळता चाळता विचारायचे, “उधरकी कुछ खबर?” कुणाची, हे कधी म्हणायचे नाहीत.

आता आमच्या कार्यक्रमांची एक प्रथा सांगते. मागच्या कार्यक्रमापासून गावात जे कुणी वारलं असेल, त्यांना सुरुवातीला श्रद्धांजली. दोन मिनिटं मौन, मग दोन शब्द. ही प्रथा लोकांना व्याख्यानापेक्षा महत्त्वाची वाटायची. घरातलं माणूस गेलं की घरचे चौकशी करायचे, “बाई, पुढच्या महिन्यात आमच्या आईचं नाव घेणार नं?” नाव माईकवरून घेतलं गेलं की माणूस नीट गेला, असं काहीतरी. म्हणून मी प्रत्येक नावासाठी त्या घरी जाऊन यायची.

एका महिन्यात कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी आण्णांचा फोटो टाकला. आम्हीच पूर्वी त्यांचा सत्कार केला होता तेव्हाचा, शाल, श्रीफळ, गळ्यात झेंडूचा हार. खाली लिहिलं होतं, आण्णा लवकर बरे व्हा. पण दुसऱ्यानं हार बघितला आणि लिहून टाकलं, भावपूर्ण श्रद्धांजली. फोटोला हार नव्हता, माणसाच्या गळ्यात हार होता, पण एवढं बघतंय कोण? त्याच्या खाली तिसऱ्याचे हात जोडलेले. मग चौथा, पाचवा. दुपारपर्यंत सगळं गाव आण्णांना पोचवून मोकळं झालं. ज्यानं फोटो टाकला होता त्यालाही वाटलं, आपण टाकल्यानंतर गेले असतील. त्यानंही श्रद्धांजली वाहिली.

मी संजयला फोन लावत होते, लागत नव्हता. संध्याकाळी वाचनालयाचे अध्यक्ष तयार होऊन आले, पांढरा शर्ट घालून.

“अध्यक्षसाहेब, फोन लागल्याबिगर मी नाव घेणार नाही,” मी म्हटलं.

“बाई, सगळा गाव म्हणायलाय. तुम्ही एकट्याच शहाण्या का? आण्णांचं नाव आज घेतलं नाही तर लोक खुर्च्या फेकतील.”

“फेकू द्या.”

त्यांनी माझ्या हातातला माईक घेतला.

मौन झालं. अध्यक्ष बोलले. आण्णांच्या जाण्यानं गावात न भरून येणारी पोकळी निर्माण झाली, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ती पोकळी आमच्या गावात दर महिन्याला निर्माण व्हायची. अजून एक-दोघं बोलले. मी दाराशी उभी राहून पुन्हा पुन्हा फोन लावत होते. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून मास्तर उठले. ते कधी आले मला कळलंच नव्हतं. त्यांनी माईक हातात घेतला नाही, नुसते त्याच्यापुढं उभे राहिले.

“बारव याच्या पणजोबानं बांधली नाही,” ते म्हणाले. “मी आजही हेच म्हणतो. तो गेला म्हणून मी खोटं बोलणार नाय.”

लोक एकमेकांकडं बघायला लागले. अध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठले.

“पण गाळ काढला म्हणून तुम्ही हसले. मीच हसवलं. अरे, बांधणारा एकदा बांधून निघून जातो. बारवेत उतरून चिखल उपसणं, तेही आपल्या हातानं, सोपं आहे का? पाणी कुणामुळं प्यालो आपण? मला हे त्याच दिवशी माहीत होतं. मला त्याला हरवायचं होतं, म्हणून नाही बोललो.” मग ते फोटोकडं वळले. अध्यक्षांनी तोवर फोटोही मोठा करून आणला होता. “नारायण, कितने साल हो गये रे. तुझ्याशिवाय पेपर वाचायला मजा नाय. एकच बातमी असते, कुणाला ऐकवू? तू मला गावातला नाय म्हणाला. तुझ्याशिवाय मी गावातला राहून तरी काय करू?”

आणि ते रडायला लागले. लहान पोर रडतं तसं, हमसून. बायकांनी डोळ्याला पदर लावले. मीही रडले, खोटं कशाला सांगू. आणि नेमका तेव्हा माझा फोन वाजला. संजय होता.

“मॅडम, आम्ही दवाखान्यात होतो, फोन बंद होता. आण्णांना आत्ता घरी आणलंय, खिचडी खायलेत. एवढे लोक फोन काऊन करायलेत? सगळे माझ्याशी रडूनच बोलायलेत.”

मी माईकजवळ गेले आणि सांगितलं की आण्णा जिवंत आहेत, खिचडी खात आहेत. एक क्षण कुणाला कळेना काय करावं. मग कुणीतरी ओरडलं, “आण्णांचं आयुष्य वाढलं!” आणि टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्षांनी मोठा केलेला फोटो हळूच उलटा करून भिंतीला टेकवला. मी मास्तरांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. चपला शोधून ते निघाले, मी मागं गेले तर म्हणाले, “तमाशा केला माझा. आता तो ऐकणार. हसणार. माझी छाती फुटली नाही हेच नशीब.”

व्हिडिओ तर तासाभरात ग्रुपवर गेलाच. दुसऱ्या दिवशी संजयचा पुन्हा फोन. आण्णांनी व्हिडिओ पाहिला, परत परत लावायला सांगितला, आणि एवढंच म्हणाले, मास्तराला घेऊन या. संजयनं आवाज खाली घेऊन सांगितलं, “मॅडम, लवकर आणा. डॉक्टर काही चांगलं म्हणत नाहीत.”

मी मास्तरांच्या घरी गेले. ते पलंगावर पाठ करून बसलेले. त्यांच्या बायकोनं, भाभींनी, मला खुणेनं सांगितलं की कालपासून जेवले नाहीत.

“मला नक्को,” मास्तर म्हणाले. “एकदा त्याच्या फोटोपुढं रडलो. आता त्याच्यापुढं हात बांधून उभा राहू?”

“राहू नका. बसा. खुर्ची देतील ते,” मी म्हटलं. “आणि मास्तर, खरी शोकसभा माझ्या अंगणात लवकरच होणार आहे. त्या दिवशी हेच बोलाल, आणि ऐकणारा नसेल. चालेल तुम्हाला?”

ते पलंगावरून उठले. मग भाभींना म्हणाले, माझा शर्ट काढ, पांढरा नको.

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. शहराच्या वेशीवर हर्सूलला गाडी थांबली, बरीच माणसं उतरली, आणि बघते तर मास्तर खाली! रस्त्याच्या कडेला उभे राहून उलट्या दिशेच्या गाडीकडं बघत होते. मी खिडकीतून ओरडले, कंडक्टरला थांबवलं आणि उतरून त्यांचा हात धरला. आयुष्यात कधी मी त्यांचा हात धरला नव्हता. “बाई, तो हसेल,” ते पुन्हा म्हणाले. “हसला तर मी त्याला मारीन,” मी म्हटलं. “चढा आता, लोक बघायलेत.” ते चढले.

पुंडलिकनगरला दुसऱ्या मजल्यावर आण्णा कॉटवर उशांना टेकून बसले होते. मोठा माणूस अर्धा झाला होता. आवाजही तो राहिला नव्हता. मास्तर दारातच थांबले.

“या की,” आण्णा म्हणाले. “मेल्यावर लई चांगलं बोललात. जिता व्हतो तवा काय झालतं?”

“तेव्हा तुम्ही ऐकत नव्हते.”

“आता ऐकलं. चार बार ऐकलं.” आण्णा थांबून दम घेत होते. “मास्तर, सगळ्या गावानं मला बोटानं श्रद्धांजली वाहिली. मोबाईलवर. त्यात माझ्या भावकीतले व्हते, ज्यांना मी जमिनी सोडवून दिल्या ते व्हते. रडला कोन? तुमी. अन् मी तुमाला म्हनलो, तुमी गावातले न्हाईत. माझं चुकलं. लई वाईट बोललो मी.”

मास्तर पुढं जाऊन कॉटवर बसले. त्यांना खुर्ची दिली होती, ती तशीच राहिली. दोघं एकमेकांचे हात धरून बसले. सूनबाई चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरून दारातच उभी राहिली. थोड्या वेळानं आण्णा म्हणाले, “पन बारव माझ्या पणज्यानंच बांधली.”

“नाय बांधली,” मास्तर म्हणाले. मग दोघं हसायला लागले, आण्णांना ठसका लागला आणि संजयनं आम्हाला बाहेर काढलं.

पुढच्या महिन्याचा कार्यक्रम मी बारवेच्या काठावर ठेवला. आण्णांनी हट्ट धरला, संजयनं गाडीत घालून आणलं. पत्रिकेवर मी दोनच नावं छापली. अध्यक्षांना ते आवडलं नाही, पण फोटोच्या प्रकरणानंतर ते माझ्याशी जरा जपून बोलत होते. आण्णा आणि मास्तर खुर्च्या लावून शेजारी बसले आणि अंधार पडेपर्यंत भांडले. एकमत काही झालं नाही. मी कप वाजवले, कुणाचं लक्षच गेलं नाही. आण्णांचा नातू, आता बराच मोठा झालेला, पायरीवर बसून ऐकत होता, आणि मास्तर त्याच्याकडं बघून म्हणाले, “तुझ्या खापरपणजोबाच्या बापानं या पायऱ्यांवरून गाळ वर आणला. कुणी नाव ठेवलं तर त्याला इथं आण आणि म्हण, एक पाटी भरून दाखव.”

आण्णा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. या वेळेला ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. लोक मलाच फोन करत होते, “बाई, नक्की का?” नक्की होतं. गावात आणून अग्नी दिला, मास्तर शेवटपर्यंत तिथं उभे होते.

मग शोकसभा. अंगण भरून लोक, बाहेर रस्त्यावरही लोक. मौन झालं आणि अध्यक्षांनी स्वतः माईक नेऊन मास्तरांपुढं धरला. सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं, कारण तो व्हिडिओ न पाहिलेला गावात कुणी नव्हता. मास्तर उठून उभे राहिले.

“माझं बोलून झालंय,” ते म्हणाले. “ज्याला सांगायचं होतं, त्यानं ऐकलं. आता तुम्ही बोला.”

आणि ते खाली बसले. अध्यक्षांच्या खिशात भाषणाचा कागद होता. त्यांनी तो बाहेर काढला नाही.